कापसातलं एकोणिसावं पान

“उतर खाली. उतर म्हनतो ना मी, सारं जिनिंग पाहून राह्यलं.”

बाबा खालून ओरडत होते आणि मी पिकअपवर कमरेपर्यंत आमच्याच कापसात उभी राहून त्याच्या पोटात हात घालून चाचपडत होते. घाटंजीच्या वाटेवरच्या त्या जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग अशी होती की शेवटच्या गाडीवाल्याचं लग्न ठरून, पोर होऊन, त्याचं बारसं जेवून झालं असतं तरी त्याचा नंबर लागला नसता. आमच्या पुढे मात्र चारच गाड्या उरल्या होत्या. चार गाड्या म्हणजे फार तर तासभर. मग आमचा कापूस गंजीवर पडणार, पाइपात ओढला जाणार, यंत्राच्या दात्यांत जाणार. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि माझी वही तिसरीकडे, जिथून आजवर काही परत आलेलं नाही.

“बाबा, गाडी बाजूला घ्यायला सांगा,” मी वरून म्हणाले.

“काय सांगू? कापसात कागद हाय म्हनून सांगू?”

वही दोनशे पानी होती, निळ्या जेल पेनाने एकतीस पानं भरलेली. तिच्यात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी कापसात कशाला बुडाले होते ते कळणार नाही.

मी मॅग्नेटारवर संशोधन करते. मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा. घाटंजीहून यवतमाळला निघालात तर अर्ध्या वाटेत संपेल एवढाच, पण वजनाला आपल्या सूर्यापेक्षा भारी. आणि चुंबक असा, की फ्रिजच्या दारावर देवाचा फोटो धरून ठेवणारं चुंबक शंभर गॉसचंही भरत नाही, तर इथे चव्वेचाळीस लाख कोटी गॉसच्या पुढची गोष्ट. मी सवयीने वाढवून सांगणारी बाई आहे, गावात विचारा. पण या आकड्यात एक शून्यही माझं नाही. वाढवायला जागाच नाही. या विषयात मी पडले त्याचं खरं कारण बहुतेक तेच असावं.

तिथे अणू गोल राहत नाही, वळलेल्या वातीसारखा लांबुळका होतो. आणि तिथे गॅमा किरणांचा एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, चालता चालता नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जुळा, पॉझिट्रॉन, अशी जोडी उभी राहते. एकटा फोटॉन रिकाम्या जागी हे करू शकत नाही, त्याला त्या चुंबकाचा आधार लागतो. जन्मलेल्या जोडीलाही हवं तिथे हिंडायची मुभा नसते. ठरलेल्या पायऱ्यांवरच उभं राहायचं. किती फोटॉन असे मोडतील हे काढायचं तर सगळ्या पायऱ्यांवरच्या सगळ्या जोड्या एकेक करून मोजायच्या. मी मोजल्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर माझं उत्तर मान्य उत्तराच्या बरोबर दुप्पट येत होतं. एकदा नाही, दीड वर्ष येत होतं.

सोमवारी दुपारी बारा वाजता प्रबंध द्यायचा होता. मुदतवाढ नियमाने एकदाच मिळते, ती मी खाऊन बसले होते; दुसरी हवी तर मार्गदर्शक सरांनी स्वतः लिहून द्यावं लागतं. बारा वाजून एक मिनिटाने नोंदणी रद्द, सात वर्षं रद्द. त्या दिवशी शुक्रवार होता.

माझ्या मार्गदर्शक सरांचंही सांगून टाकते. सात वर्षांत प्रत्येक चुकलेल्या तारखेला मी त्यांना काहीतरी सांगत आले होते. एकदा नाल्याला पूर आला, तो खरा होता, पण मी त्यात एस.टी. वाहून नेली. एकदा माकडांनी लॅपटॉप झाडावर नेला. आणि गेल्या वर्षी मुकुटबनच्या रस्त्यावर वाघ बसला, तो गाडीच्या दारातच बसला, आणि कंडक्टरने त्याला तिकीट विचारलं. सर हसले होते आणि त्यांनी आठ दिवस दिले होते.

आता वही कापसात कशी गेली. आमच्याकडे वेचणी झाली की कापूस घरात येतो आणि भाव बरा होईपर्यंत घरातच राहतो, पाहुण्यासारखा. फरक एवढाच की पाहुणा मधल्या खोलीत आणि घरचे ओसरीत. यंदा ती खोली अशी भरली होती की मांजर आत गेलं तर पुढल्या हंगामात बाहेर यावं. मी दिवाळीपासून त्या ढिगावर चढून बसत होते, डोकं टिनाला टेकायचं. खाली पाहुणे, टीव्ही, “नवरा कधी पाह्यतं व” असले प्रश्न. वर कुणी नाही. अंगाला मात्र कापसाची खाज अशी सुटायची की वाटे, कातडी काढून दोरीवर वाळत घालावी.

तिथेच एका दुपारी मला ती दुप्पट सापडली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन वेगवेगळ्या पायऱ्यांवर असले की कोण वर आणि कोण खाली अशा दोन शक्यता होतात. दोघं एकाच पायरीवर असले की एकच. मी त्यांनाही दोनदा मोजत होते. एवढंच. दीड वर्ष माझे केस गळले ते या एवढ्याशा गोष्टीपायी. पण चूक सापडली म्हणजे प्रबंध झाला असं नाही. सगळी मांडणी पहिल्यापासून पुन्हा करावी लागली, चार दिवसांत एकतीस पानं, आणि एकोणिसाव्या पानावर एक इंटिग्रल, म्हणजे बेरजेचं एक किचकट गणित, आडवा आला. असले इंटिग्रल माणसाला पोसत नाहीत आणि मरूही देत नाहीत. तो सुटला. कसा सुटला ते देवाला माहीत आणि त्या पानाला. मला फक्त एवढंच आठवतं की तेव्हा उजवी पोटरी खाजत होती. वहीचे फोटो काढून ठेवायचे असतात हे सांगणारे सगळे मला नंतर भेटले.

गुरुवारी शेवटची ओळ लिहिली. तो इंटिग्रल मला इतका देखणा वाटला की मी एकोणिसावं पान उघडं ठेवूनच खाली उतरले, पुन्हा एकदा पाहायला म्हणून. शुक्रवारी सकाळी आईने गव्हाचा डबा देऊन चक्कीवर पाठवलं. तिथे लाइन गेली, तास गेला. परत आले तर मधली खोली मोकळी आणि आई झाडू मारत होती.

“वही? म्या नाई पाह्यली,” ती म्हणाली. “वर असन तं गेली गाडीत. तुले कितीदा सांगतलं, कापसावर बसत नको जाऊ.”

पुढे मी स्कूटीवरून कशी गेले ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्यातलं निम्मं कापाल आणि उरलेलंही खोटं म्हणाल.

तर मी गाडीवर, बाबा खाली. बाबा दबक्या आवाजात समजावत होते की कापसात कागद, केस, सुतळी काहीही निघालं तर जिनिंगवाले आख्खी गाडी कचऱ्याची म्हणून मागे टाकतात, गप उतर, मी पाहतो. काय पाहणार होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेवढ्यात ग्रेडर आला. जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारा तोच, हातात ओलावा मोजायचं यंत्र, गळ्यात मफलर.

“काय शोधून राह्यल्या ताई?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, “कानातलं पडलं पोरीचं. सोन्याचं हाय.”

असं सहज खोटं बोलणं आमच्या घरात वारशाने येतं. पण बाबांनी चुकीचं खोटं निवडलं. कागदाने प्रत बिघडते. धातू यंत्राच्या दात्यांत गेला की ठिणगी उडते, आणि त्या आवारात कापूस डोंगराएवढा होता. ग्रेडरचा चेहरा उतरला.

“मामा, सोनं असो का खिळा, मशीनले काही समजत नाई. गाडी बाजूले घ्या. पूर्ण रिकामी करा.”

“राहू द्या ना साहेब, नाई भेटलं तं नाई भेटलं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. मला वाटलं लाज वाटली असेल. मी मात्र मनातून नाचत होते. अख्खा कापूस माझ्यासाठी मूठमूठ उपसला जाणार होता.

ताडपत्री अंथरली. कापूस सारणाऱ्या सात-आठ बायका आल्या आणि वरचा थर उपसायला लागल्या. कंगवा निघाला. टीव्हीचा रिमोट निघाला, जो हरवला म्हणून आम्ही शेजारच्यांशी दोन महिने बोललो नव्हतो. त्यातली एक म्हातारी थांबून माझ्याकडे निरखून पाहायला लागली.

“काहून व ताई, तुह्या तं दोन्ही कानात हाय.”

“तिसरं आहे,” मी म्हणाले.

“असन बाप्पा,” ती म्हणाली, “शिकेल लोकायचं काय सांगाव,” आणि पुन्हा कामाला लागली.

ढीग अर्धा झाला तेव्हा तिनेच हात बाहेर काढला, तळवा पाहिला आणि पदराला पुसला.

“हे तं ओलं हाय.”

ग्रेडरने वाकून यंत्र खुपसलं, आकडा पाहिला, पुन्हा खुपसलं. वरचा थर खडखडीत कोरडा, मधला ओला. वजन भरावं म्हणून कापसावर पाणी मारायचं आणि वरून कोरडा कापूस पसरायचा, हे कसं करतात ते त्या आवारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा जिनिंगच्या धुराड्याकडे पाहत होते. त्या धुराड्याला धूर नव्हता.

आणि मग वही निघाली.

पहिल्यांदा वही दिसलीच नाही, निळा कापूस दिसला. टोपलीभर निळा कापूस, आभाळासारखा, आणि त्याच्या मधोमध वही, जशी मी ठेवली होती तशीच उघडी. एकोणिसाव्या पानावर काही नव्हतं. कागद पांढरा नव्हता आणि निळाही नव्हता, आणि मला सुटलेला तो इंटिग्रल आमच्या कापसाने पिऊन टाकला होता. अठरावं गेलं होतं. विसावं ते सव्विसावं एकमेकांना चिकटून एक पुठ्ठा झाला होता. मी वही उचलली तेव्हा मनगटावरून शाईची धार कोपरापर्यंत आली.

ग्रेडरने निळ्या कापसाची एक बोंडाएवढी गुठळी उचलून बाबांपुढे धरली.

“मामा, कानातल्याले शाई असते काय?”

बाबांनी ती गुठळी घेतली आणि खिशात टाकली.

“घरी न्या. वाळवून आना,” ग्रेडर म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

कापूस पुन्हा भरेपर्यंत आम्ही दोघं कुंपणाजवळ बसलो होतो. मी वही पिकअपच्या बॉनेटवर उन्हात ठेवली होती. बाबा उठून ती घेऊन आले आणि शेजारी बसून चिकटलेली पानं सोडवू लागले, अगदी हलक्या बोटांनी, बोंडातून कापूस काढतात तसे. तेविसावं पान निघालं, मधोमध फाटून.

“कशाने मारलं पाणी?” मी विचारलं.

“फवारनीच्या पंपानं, गाडी भरतानी. धुऊन घेतला होता.”

“वही दिसली नाही?”

“चष्मा नव्हता लावला.” पानाची कड सोडवत म्हणाले, “याच्यातलं तुले काही आठवत नाई काय?”

मी डोळे मिटून पाहिलं. दहावं पान आठवलं, बारावंही. पायऱ्यांची गोष्ट आठवली. अठराव्यावर पोचले, आणि त्यापुढे नुसती पोटरी खाजत होती.

तेव्हा मी सरांना फोन लावला. फोन वाजत होता तेवढ्यात आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं की काही वाढवायचं नाही. घडलं ते, घडलं त्याच क्रमाने, सांगितलं. मधली खोली, चक्की, पाण्याचा पंप, सोन्याचं कानातलं, सात-आठ बायका, निळा कापूस. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो मला ओळखीचा वाटत होता, तोच वाघाचा आवाज. मी अधिक हळू बोलले, त्याने ते आणखीच रचलेलं वाटायला लागलं. शेवटी म्हणाले, सर, फक्त आठ दिवस, बाबांना विचारा हवं तर. बाबा शेजारी चोविसावं पान फुंकत बसले होते.



“वाघ जास्त पटला होता,” सर म्हणाले. “सोमवारी बाराच्या आत दे.”