पट्टेरी लव्हाळ्यांची राखण

आमची मावशी आयुष्यभर एका कारखान्याच्या गोदामात नोकरीला होती. ये-जा करणाऱ्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, हेच काम. निवृत्त झाली, पण सवय सुटली नाही. दूधवाला पाणी घालतो, शेजारीण भिंतीला कान लावते आणि मी नुसता भेटायला येत नाही, असं तिचं ठाम मत. शेवटचं थोडंफार खरं होतं. तिच्या तक्रारी शांतपणे ऐकून घेणारी एकच, तिची सून.

घरामागे मोरीचं पाणी मुरायचं. ऊन नाही, माती कायम ओली. तिथं गुलाब कुजले, मोगराही कुजला. मग मावशीनं शोभेचे लव्हाळे लावले, हिरव्या पानाला पिवळा पट्टा असलेले. ते असे फोफावले की पाहुण्यांना ती आधी मागच्या दारी नेई, पाण्याचं नंतर विचारी.

एकदा तिला ठोंबाच्या मधोमध पोकळी दिसली. कोंब मुळासकट उपटलेले. शंकेची पाल चुकचुकली. शेजारणीवर संशय घेऊन झाला, मांजरावर घेऊन झाला. मग एका दुपारी खिडकीआडून बघते, तर सूनच लव्हाळे पिशवीत भरत होती.

"माहेरी पोचवतेस होय?" मावशीनं जेवताना सगळ्यांसमोर विचारलं. मीही पंगतीला होतो.

"नाही हो आई. मधूनच बिनपट्ट्याचे कोंब फुटतात. ते जोरात वाढतात, पट्टेवाल्यांना दाबून टाकतात. म्हणून काढून कचऱ्यात टाकते."

"मला शिकवू नकोस. चोर सापडला की असंच बोलतो."

सून ताटावरून उठली. त्यानंतर ती मागच्या दारी फिरकली नाही. चोरी थांबली, असं मावशीनं मला खुशीत फोनवर सांगितलं.

पुढच्या खेपेला गेलो, तर मागे सगळं हिरवंगार. पट्टा शोधून सापडेना. कुणीतरी झाडं बदलली, असं मावशी आधी म्हणाली. मग वाकून एकेक पान चाळून बघितलं आणि शेवटी तिनं सुनेला हाक मारली.

"तूच काढ गं हे. तुला कळतं त्यातलं."

सून दारातच थांबली. "नको आई. उद्या काही कमी दिसलं, की परत माझंच नाव येईल."

एवढं बोलून ती आत गेली. आवाज जराही चढला नव्हता, म्हणून मलासुद्धा ते लागलं.

"बरोबर आहे तिचं," मावशी म्हणाली. दुसऱ्या कुणाचं बरोबर आहे, हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. जिनं ऐकायला हवं होतं, तिनं तोवर आतलं दार लावून घेतलं होतं.