काशाच्या वाटीचा गुण

वरवंडच्या दवाखान्यात डॉक्टर आत होते, पण उपचार बाहेरच्या बाकावरच सुरू झाले. शेजारी धोतरवाले एक आप्पा बसले होते. बायकोच्या खोकल्यासाठी आले होते. साखरेमुळे माझे तळपाय जळतात, मुंग्या येतात, एवढं माझ्या तोंडून निघायचा अवकाश, आप्पांनी मला पेशंट करून घेतलं.

"गोळ्या कशाला खाताय? काशाच्या वाटीनं तूप लावून तळवं घासा. वाटी काळी पडली की उष्णता निघाली म्हणून समजा." हवेतच वाटी फिरवत ते म्हणाले, "माझीबी साखर हाय. पाय निखाऱ्यावानी जळायचं. आता काय बी कळत न्हाई. एकदम ठणठणीत!"

एवढ्या विद्वत्तेपुढे डॉक्टरांची भिंतीवरची पदवी मला कॅलेंडरासारखी दिसू लागली.

तेवढ्यात आप्पांच्या बायकोचा नंबर आला. आत जायला आप्पा चप्पल काढू लागले, तर ती पायाला चिकटूनच वर आली. बाभळीचा काटा चपलेतून थेट टाचेत घुसला होता. फरशीवर रक्त सांडलं.

"आप्पा, काटा!" मी ओरडलो.

त्यांनी खाली बघितलं आणि अभिमानानं हसले. "बघा वाटीचा गुण! एवढा काटा, पन दुखतंय का?"

माझे तळपाय जळतच होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्या जळण्याला शिव्या दिल्या नाहीत.