शकुनने लावलेले दोन ढीग

१८६४ सालच्या कार्तिकात नांदगाव पेठेच्या शिवारात कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि वऱ्हाडातल्या एकेका बोंडाला भाव आला होता. नत्थुजींच्या शेतात त्या वर्षी अकरा बाया वेचणीला होत्या. त्यांच्या पुढे ओळ धरायची ती नत्थुजींची बायको, जयवंता.

जयवंताच्या हाताचं गावात नाव होतं. कमरेची ओटी तिची सगळ्यांच्या आधी भरायची. नवी सून शेतात आली की सासवा तिला जयवंतामागे उभं करत. दहा वर्षं हे असंच चाललं होतं आणि तिला त्याची सवय झाली होती.

त्या वर्षी महारवाड्यातली भागरथा पहिल्यांदा या शेतात आली. ती दोन्ही हातांनी वेचायची. बोंडातून कापूस अलगद निघायचा, टरफल झाडावरच राहायचं. दव वाळायच्या आत ती निम्मं काम उरकायची, कारण ऊन चढलं की सुकी पानं चुरतात आणि कापसाला चिकटतात. तिच्या कापसात पत्ती, म्हणजे पानांचा चुरा, शोधूनही सापडत नसे.

जयवंताने हे पहिल्याच दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती तांबडं फुटताच शेतात आली. भागरथा तिच्याही आधी आलेली होती. तिसऱ्या दिवशी कोणी पाहत नाही असं बघून जयवंताने डावा हात चालवून पाहिला. टरफलाचं टोक नखात घुसलं. तेही तिने कोणाला दाखवलं नाही.

इथवर तिने सोसलं. चौथ्या दिवशी तिची आठ वर्षांची मुलगी शकुन भागरथाच्या ओळीत जाऊन उभी राहिली आणि तिच्यासारखे दोन्ही हात चालवू लागली. आईची ओळ तिने स्वतःहून सोडली होती.

दुपारी जयवंताने मुलीला बाभळीखाली नेऊन बजावलं. भागरथा महार आहे, तिच्याजवळ गेलं की विटाळ होतो. मुलगी नुसतीच ऐकत राहिली, तेव्हा जयवंताने आणखी एक जोडलं: तिच्या हातचा कापूससुद्धा आपल्या कापसात नको. हा नियम तिने त्या क्षणी केला होता. कापसाला विटाळ नसतो हे वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक होतं. असता तर निम्मी शेतं वेचणीवाचून उभी राहिली असती.

शकुनला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी भागरथा ओटी रिकामी करायला आली तशी शकुन ढिगापुढे आडवी झाली.

"इथं नोको टाकू. तुह्या कापसाचा इटाळ होते. तिकडं टाक."

बाया हसल्या. पोरगी भटजी झाली वं, असं एकीने म्हटलं. भागरथाने मुलीकडे पाहिलं, मग जयवंताकडे पाहिलं आणि ओटी तिकडे रिकामी केली. जयवंता वेचत राहिली. पाच दिवस शेताच्या कडेला दोन ढीग वाढत गेले, एक मोठा, एक लहान.

ढीग लागल्याच्या सहाव्या दिवशी अमरावतीहून दलाल आला. मोठ्या ढिगात हात घालून त्याने तो झटकला. लहान ढिगातला पुंजका घेतला, दोन अंगठ्यांत धरून ओढला, धागा उन्हात धरला. असा निवडून वेगळा ठेवायला कोणी शिकवलं, असं त्याने विचारलं. नत्थुजींना काहीच माहीत नव्हतं, तरी आमची रीतच आहे म्हणाले. हा माल मिसळू नका, पुढचाही असाच पाठवा, असं सांगून दलाल गेला. लहान ढीग कोणाचा हे कळल्यावर नत्थुजींनी सगळ्यांसमोर हुकूम सोडला: उद्यापासून बायांनी भागरथाचा हात बघून वेचायचं. बायकोलाही त्यांनी त्यातून वगळलं नाही.

संध्याकाळी जयवंता भाकरी थापत असताना शकुन चुलीजवळ आली.

"माय, इटाळाचा कापूस चांगला कसा निंगला?"

दलाल परका आहे, त्याला काय कळतं, एवढं म्हटलं तरी मुलीचं समाधान झालं असतं. आपण काहीही सांगितलं तरी ती खरंच धरणार, हे जयवंताला त्या पाच दिवसांत कळलं होतं.

"कापसाले इटाळ नसते. म्या खोटं सांगतलं."

"काहून?"

"तिचा हात माह्यापेक्षा चांगला हाय. तू तिच्याकडं गेली. मले सोसलं नाही."

"मंग तिच्या अंगाले तरी इटाळ हाय का?"

"मले तसंच सांगतलं होतं."

"कोणं?"

"माह्या मायनं."

"तिले बी सोसत नव्हतं का?"

जयवंताने भाकरी उलटली.

सकाळी शकुन भागरथाच्या ओळीत गेली. भागरथाचे हात थांबले नाहीत. "मायले इचारून ये," ती म्हणाली, "आज किती हात दूर उभं राहाचं."

बाया थांबल्या. शकुन मागे वळून आईकडे पाहू लागली. जयवंताला चार ओळी ओलांडून यावं लागलं.

"म्याच शिकवलं होतं तिले. खोटं होतं. शिकव तिले."

"आन् तुमाले नाही शिकाचं का, बाई? मालकाचा हुकूम हाय."

सगळ्या हसल्या. जयवंताने शेजारची ओळ धरली. दुपारपर्यंत भागरथा सहा झाडं पुढे गेली. शकुन तिच्या मागोमाग होती. मुलीचा डावा हात आईच्या हातापेक्षा लवकर वळत होता आणि ते पाहणं जयवंताला आदल्या आठवड्याइतकंच जड जात होतं.

भाकरीच्या वेळी भागरथाने ओंजळ पुढे केली. पाणी वरूनच ओतलं गेलं. ओतणारी जयवंताच होती, आणि शकुन बघत होती.