आनंदरावमामांची अट

मानसिंगला शिकवायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, आठवडाभरात उरकेल. मी भोरच्या शाळेत गणिताचा मास्तर. तो मार्गासनीचा, बी.ए. झालेला, भोरच्या कोर्टात एका वकिलाकडे कारकून. त्याला स्वतःला वकील व्हायचं होतं. एकाहत्तर साली पुण्याच्या एका लॉ कॉलेजात अर्ज फार आले, म्हणून त्यांनी प्रवेशाला परीक्षा ठेवली, आणि तीही कायद्याची नाही, तर्काच्या प्रश्नांची. नमुन्याच्या प्रश्नांचा कागद घेऊन हा गडी संध्याकाळी माझ्या ओसरीवर हजर.

पहिलाच प्रश्न असा होता: एका मुलीचे वडील रामाच्या आईचे सख्खे भाऊ आहेत, तर ती मुलगी रामाची कोण? मानसिंगने जराही न थांबता लिहिलं, बायको. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे, मामेबहीण. तो म्हणाला, "तेच की." मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. शिवऱ्याच्या आनंदरावमामांची सरू लहानपणापासून याचीच म्हणून सगळ्यांनी धरलेली होती. पण भाचा कारकुनीतच अडकला तसे मामा बदलले, आणि घरच्या चार माणसांत त्यांनी सांगून टाकलं, "वकिलीला नंबर लागला न्हाई तर पोरगी देनार न्हाई." म्हणजे याचं लग्न आता माझ्या ओसरीवर येऊन पडलं होतं.

नात्यांचे प्रश्न जमले. घोडं अडलं ते जर-तरपाशी. एस.टी. आली नाही तर साहेबराव नसरापूरला जाणार नाही. एस.टी. आली. तर साहेबराव गेला का?

"गेलाच की," मानसिंग म्हणाला.

मी म्हटलं, सांगता येत नाही. गाडी आली नाही तर काय, एवढंच दिलंय; आली तर काय, याबद्दल कुणी अवाक्षरही काढलेलं नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. जायचं नव्हतं तर हा साहेबराव स्टँडवर कशाला उभा राहिला, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ताप आला असेल. तर ताप कागदात कुठं लिहिलाय, म्हणून तो माझ्यावरच उलटला. मी चिडलो, पाटी आपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न घातला, पुन्हा साहेबराव गाडीत. अखेर वैतागून म्हटलं, समजून घ्यायच्या फंदात पडू नकोस, असलं वाक्य दिसलं की डोळे मिटून 'सांगता येत नाही' लिही. त्याने तसंच केलं असावं, कारण त्याला प्रवेश मिळाला. मी खूश झालो, पण तो गोंधळलेलाच होता. निकाल हातात असतानाही मला विचारत होता की गाडी आल्यावर साहेबराव गेला कसा नसेल.

पेढे घेऊन आम्ही दोघं शिवऱ्याला गेलो. मामांनी पेढा खाल्ला, भाच्याच्या पाठीवर थाप मारली, चहा टाकायला सांगितला. मग सहज बोलावं तसं म्हणाले की सरूचं साताऱ्याच्या एका ओव्हरसियरशी ठरवलंय. सरकारी नोकरी आहे, राहायला क्वार्टर आहे.

माझं डोकंच फिरलं. तुम्ही शब्द दिला होता, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. मामा जराही चिडले नाहीत.

"मास्तर, नंबर लागला न्हाई तर देनार न्हाई, आसं म्या म्हनलो. लागला तर देतो, आसं कवा म्हनलो?"

गणिताच्या मास्तराला यावर बोलायला जागाच नव्हती. मला त्या माणसाचा संताप आला आणि माझ्या विषयाचाही आला. मानसिंगने मान हलवली.

"बरोबर हाय मामांचं," तो म्हणाला. महिनाभर डोक्यात शिरत नव्हतं ते आता शिरलं होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

आम्ही उठलो तशी सरू कपबशा उचलायला बाहेर आली. मानसिंगजवळ येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, "तुमी पास झालात न्हवं? मग?"

उत्तर त्याला आता येत होतं. ते तिला न सांगता तो खाली वाकून चपला शोधत राहिला.