आपांची मुदत

आमच्या शेजारच्या आपा नाशकातच जन्मल्या, पण लग्न होऊन कराचीला गेल्या. १९८०च्या सुमारास अंथरुणाला खिळलेल्या आईला भेटायला त्या परत आल्या, त्या पाकिस्तानी नागरिक म्हणून. व्हिसाची मुदत संपली आणि वाढवूनही मिळाली नाही. ते सांगायला हवालदार असलेले माझे वडीलच गेले. मीही सोबत होते.

"आपा, उद्या तुम्हाला मनमाडला गाडीत बसवून द्यायचा हुकूम आहे," ते खाली बघत म्हणाले.

"मग अम्मीला घास कोण भरवणार, भाऊ?"

शरमेनं मलाही मान वर करवेना. आपांनी आमच्यासाठी चहा टाकला.

त्या गेल्यावर अम्मींना शेवटपर्यंत माझ्या आईनं भरवलं. वडील मात्र पुन्हा कधी त्या घराची पायरी चढले नाहीत.