रविवारचा बंगला आणि डेर, डी, डास

"हे काय? सांग." पाहुण्यानं चमचा वर धरला.

"डेर ल्योफेल."

"हा काटा?"

"डी गाबेल."

"सुरी?"

"डास मेसर."

टाळ्या पडल्या. मी भज्यांचा ट्रे घेऊन उभी. माझ्या जर्मनच्या मॅडम खुर्चीत रेलून कौतुकानं बघत होत्या. कौतुक माझं नव्हतं, स्वतःचं होतं. "इथल्या मुठा गावातलीच आहे," त्या म्हणाल्या. "मी घडवतेय हिला." तेवढ्यात एक बाई उठल्या. खुर्चीच्या पाठीवर मीच चिकटवलेली निळी चिठ्ठी त्यांनी सोलून काढली आणि माझ्या खांद्यावर दाबून बसवली. "हिलाही लावा एक. कुठं ठेवायची ते कळेल." सगळे हसले. मॅडमही हसल्या.

मी नर्स आहे. हे त्या पाहुण्यांना माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं.

जर्मनीत नर्सना काम आहे, पण आधी भाषा यावी लागते. म्हणून ड्यूटी संपली की मी भूगावला मॅडमच्या फ्लॅटमधल्या क्लासला जायचे. बाकी सगळे आयटीतले. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. त्या अच्छाचा अर्थ आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूच्या नावाआधी डेर, डी नाहीतर डास लागतं. कुठली वस्तू पुरुष, कुठली बाई, कुठली दोन्ही नाही, हे नावासोबतच घोकायचं. टेबल पुरुष, दिवा बाई. मी विचारलं, "हे कुणी ठरवलं?" मॅडम म्हणाल्या, "विचारायचं नसतं, पाठ करायचं असतं." हे वाक्य मी जर्मन शिकायच्या आधीही पुष्कळदा ऐकलं होतं. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

मॅडमची एक पद्धत होती. घरातल्या वस्तूंवर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या. डेरला निळी, डीला लाल, डासला हिरवी. मग घराचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा. मी सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी चिठ्ठ्या लावल्या. दारावर, खाटेवर, कपाटावर, घड्याळावर. परत आले तर एकही नाही. आईनं ओल्या फडक्यानं घासून सगळ्या काढल्या होत्या आणि चुलीत घातल्या होत्या.

"कुनी डकवलं ह्ये? मोजनीवालं आलं व्हतं काय?"

"आये, माझा अभ्यास हाय तो."

"आसंल. पन रंगाची खूण घरावर ठिवायची न्हाई."

आईचं काही चुकलं नव्हतं. आमच्या वस्तीच्या खालच्या उतारावर बंगल्यांचे प्लॉट पडले तेव्हा आधी माणसं येऊन दगडांवर लाल रंगाचे आकडे टाकून गेली होती. कुणी जाब विचारला नाही, कुणी ते आकडे पुसले नाहीत. मग कुंपण आलं आणि नदीवर जायची वाट बंद झाली. तेव्हापासून आमच्याकडे भिंतीवर साधी खडूची रेघ दिसली तरी बाया ती पुसून टाकतात.

व्हिडिओ का नाही, ते क्लासमध्ये मी खरं तेच सांगितलं. सगळे खदाखदा हसले. मॅडम म्हणाल्या, "घरात लावण्यासारखं काही असलं तर ना!" मग आवाज मऊ करून, "माझा बंगला तुमच्या मुठ्यातच आहे. रविवारी ये, तिथं प्रॅक्टिस कर. फ्रीज, सोफा, सगळं आहे."

आई म्हणाली, "फुकट कशाला बोलावतीया ती?"

मला आईचा राग आला. जुनं माणूस, सगळ्यांवर संशय घेतं, असं वाटलं. मी गेले. पहिल्या रविवारी चिठ्ठ्या लावल्या. पुढच्या रविवारी, "चिठ्ठी लावतेसच, तर खालची धूळही पुसून घे." मग चहा. त्यांचा कपात, माझा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात. मग भांडी. दर रविवारी एक काम वाढायचं आणि मी मनाशी म्हणायचे, शिकवताहेत ना? कारण जर्मनीच्या हॉस्पिटलकडे मुलाखतीसाठी नावं मॅडमच पाठवायच्या. तो धागा त्यांच्या हातात होता. मी त्याला लोंबकळत होते, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी खांद्यावर चिठ्ठी बसली आणि माझं डोकं एकदम थंड झालं. राग नाही, रडू नाही. ट्रे टेबलावर ठेवला. चिठ्ठी काढून चुरगाळली. इतके महिने जपून बोललेली पुण्याची मराठी गळून पडली. मी ती उचलली नाही.

"मी नर्स हाय. शिकाया आले व्हते. तुमची कामवाली न्हाई."

मॅडमचं हसू तसंच राहिलं. "अगं, गंमत केली त्यांनी. तुम्हा लोकांना लगेच लागतं."

"आमी लोक म्हंजे कोन?"

चमचेवाला पाहुणा मोबाइलमध्ये बघायला लागला. मॅडम फाटकापर्यंत मागोमाग आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नावं मी पाठवते, लक्षात आहे ना?"

"नका धाडू," मी म्हणाले, आणि चढण चढून घरी आले.

क्लास सोडला नाही. फी भरली आहे. पहिल्या रांगेत बसते. मी हात वर केला की मॅडमची नजर मागच्या रांगेत जाते. मी हात खाली घेत नाही. परवा त्यांचा फोन आला. आवाज मधाचा. "झालं गेलं विसर. ये या रविवारी, नावाचं बघू." मधाच्या आवाजाचं काम काय असतं ते आता मला कळतं. मी नाही म्हणाले.

परीक्षा मॅडम घेत नाहीत. ती पुण्यात होते. पेपर तपासणारा मला ओळखत नाही, आणि मला तेवढंच पाहिजे. परीक्षा पास झाले की हॉस्पिटलचं दार मी स्वतः वाजवीन. पलीकडे देवमाणसं बसलीत अशा भ्रमात मी नाही. तिथंही कुणीतरी गोड बोलून माझ्या हातात ट्रे देईल, मला ठाऊक आहे. त्याला त्याच्याच भाषेत, एकही चूक न करता, नाही म्हणता आलं पाहिजे. म्हणून मी जर्मन शिकते आहे.