फाटक कोणी उघडं टाकलं

आमच्या नात्यागोत्यात एक विनोद चाळीस वर्षं चालू आहे. माझी बायको कुणाकडे हळदीला किंवा बारशाला गेली आणि निघायला उठली, की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, फाटक लावून जा हं." सगळे हसतात. तीही हसते. मी चपला शोधत असतो. चपला समोरच असतात, तरी शोधत असतो.

विनोदामागची हकिकत अशी सांगतात: नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत एक तांबडा कुत्रा होता, मी त्याला उत्तम शिस्त लावली होती, आणि एके दिवशी माझ्या बायकोने बाजाराला जाताना फाटक उघडं टाकलं म्हणून तो निघून गेला. यातलं कुत्रा तांबडा होता एवढंच खरं. बाकीचं दुरुस्त करायला मला म्हातारपण उजाडावं लागलं, आणि तेही दुसऱ्या एका कुत्र्यामुळे.

हा दुसरा माझ्या मुलीचा. ती विरारला अकराव्या मजल्यावर राहते, सकाळी कामाला जाते ती दिवस मावळल्यावर येते. गेल्या वर्षी तिने रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून घरी नेलं. काळं-पांढरं, एक कान उभा, एक पडलेला. घरात एकटं राहिलं की ते रडायचं. कुईकुई नव्हे, गळा काढून. सोसायटीने तिला दोन पत्रं दिली. तिसरं यायच्या आत ती त्याला घेऊन आमच्या दारात हजर.

"बाबा, आठवडाभर तुमच्याकडे, रविवारी माझ्याकडे."

"ठेव की. महिन्याभरात सरळ करतो."

"सरळ करायचं नाही. शिकवायला एक बाई येणार आहे."

"कुत्र्याला शिकवायला बाई?"

"कुत्र्याला नाही, तुम्हाला."

ती बाई म्हणजे जूचंद्रची एक तिशीची मुलगी निघाली. स्कूटरवरून आली. कमरेला छोटी पिशवी, पिशवीत उकडलेल्या अंड्याचे तुकडे. मी खणखणीत आवाजाच्या, मिशीवाल्या माणसाची वाट बघत होतो. ही ओट्यावर खाली बसली, कुत्र्याकडे पाठ नाही, तोंडही नाही, अशी कडेने. त्याच्याकडे बघेचना. दहा मिनिटं गेली.

"सुरू कधी करणार?" मी विचारलं.

"सुरू झालंय, काका."

कुत्रा हळूहळू आला, तिचं कोपर हुंगलं. तिने एक तुकडा जमिनीवर ठेवला. बस्स, पहिला दिवस एवढाच. स्वयंपाकघराच्या दारातून आमची ही म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मलाही कोणी असं दहा मिनिटं नुसतं बसू दिलं असतं तर बरं झालं असतं."

पुढच्या दिवसांत मला कळलं ते साधंच होतं. त्याने मनासारखं काही केलं की लगेच तुकडा, लगेच कौतुक. मनासारखं केलं नाही तर काहीच नाही. रागावणं नाही, चापट नाही. अंडी संपली तेव्हा बायकोने सुकेळ्यांची पुडी काढली. आमच्याकडे राजेळी केळी पिकवून, सोलून आठवडाभर उन्हात वाळवतात, ती सुकेळी. आता फारशी कोणी करत नाही, आम्ही घरापुरती करतो. त्या मुलीने चव घेऊन पाहिली आणि म्हणाली, "काकू, नखाएवढाच तुकडा हं. यासाठी मीसुद्धा बसेन आणि उठेन."

दोन दिवसांत तो 'सिट' शिकला. आमच्याकडे माणसांशी घरच्या बोलीत बोलतात आणि कुत्र्याशी इंग्रजीत. का, ते कोणालाच ठाऊक नाही. ती मुलगी म्हणाली, "शब्द कोणताही चालेल, काका. फक्त आवाज खाली."

एकटं राहायलाही तिने त्याला असंच शिकवलं. आधी फाटकाबाहेर जायचं आणि लगेच परत यायचं. मग एक मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. "गेलेला माणूस परत येतो, हे त्याला पटायला हवं," ती म्हणायची. एकदा तिच्यासमोरच बायको बाजाराला निघाली, वळणापर्यंत गेली, परत आली, फाटकाची कडी ओढून पाहिली आणि पुन्हा गेली. "काकू किती छान करतात," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही शिकवलंत का त्यांना?"

मी कुत्र्याचा पट्टा नीट करायला लागलो. बायको हे चाळीस वर्षं करते आहे. बस चुकली तरी करते. छत्री धरून वळणावर तिची वाट बघत उभं राहण्यात माझं किती आयुष्य गेलं असेल. ते मीच तिला शिकवलं होतं, पण त्या मुलीला वाटलं तसं नव्हे.

मग एके दिवशी त्याने हळदीचा वाफा उकरला. मी बोट नाचवत त्याच्यासमोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो, तर त्याने मोठी जांभई दिली. मला हसू आलं. "आमचा तांबडाही असाच," मी त्या मुलीला सांगितलं. "मी काठी घेऊन रागवायला लागलो की हा जांभया द्यायचा. माझ्या भाषणाला कुत्रासुद्धा कंटाळतो." हा किस्सा मी अनेक लग्नांत सांगितलेला, हमखास हशा मिळवणारा.

ती हसली नाही. "काका, ती झोपेची जांभई नाही. कुत्रा घाबरला, अवघडला की जांभई देतो, जिभल्या चाटतो, तोंड फिरवतो. तो म्हणत असतो, पुरे करा आता."

बायको पालेभाजी निवडत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, परत भाजीत घातली.

तरी मी काही बोललो नसतो. एका बादलीने बोलायला लावलं.

हाक मारली की यायचं, हे त्याला 'ये' या शब्दावर शिकवलं होतं. पंधरवड्यात तो वाडीच्या पार टोकाकडून, केळींच्या रांगांतून कान उडवत यायचा. एकदा तो खताच्या खड्ड्यात मनसोक्त लोळला. मी हाक मारली. तो आनंदाने धावत आला. मी पट्टा धरला आणि विहिरीच्या गार पाण्याची बादली त्याच्या अंगावर ओतली. दुसऱ्या दिवशी 'ये' म्हटलं तर अर्ध्या वाटेवर आला, बसला आणि नारळाच्या शेंड्याकडे बघू लागला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

"अंघोळीसाठी हाक मारलीत?" त्या मुलीने विचारलं.

"मग काय पत्र पाठवू?"

"तुम्ही उठून त्याच्याकडे जायचं. हाक ऐकून तो आला की त्याचं भलंच व्हायला हवं, दर वेळी. आता तो शब्द नासला. नवीन घ्या."

"एका बादलीने नासला?"

"मारलं असतंत तर एका फटक्याने नासला असता."

नवीन शब्द बायकोने सुचवला. "'चहा' म्हणा. ह्यांना जेवायला हाक मारली तर पेपर सुटत नाही. चहा म्हटलं की विहिरीवरून येतात." तोच ठरला. आता तिने चहाची हाक दिली की आम्ही दोघंही निघतो, आणि तो माझ्या आधी पोचतो.

पण नासलेला शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

तेव्हा मी तिशीत होतो. सुकेळ्यांचे दिवस होते. अंगणातल्या मांडवावर सोललेली केळी ओळीने पसरलेली, आणि कावळे हाकलायचं काम तांबड्याकडे. ते तो चोख करायचा. एका दुपारी एक ओळ गायब दिसली. त्याने खाल्ली की आणखी कोणी, देव जाणे. मी 'कम, कम' करून बोलावलं. तो शेपूट हलवत आला आणि मी त्याला झावळीच्या दांड्याने मारलं. गुन्हा लक्षात राहावा म्हणून मारावं, असं तेव्हा सगळेच म्हणत. त्याच्या लक्षात एवढंच राहिलं की हा माणूस हाक मारतो आणि आलं की मारतो. पुढे चप्पल चावली म्हणून बोलावून मारलं, भुंकला म्हणून मारलं. मग तो हाकेला हळूहळू यायला लागला, तर हळू येतो म्हणूनही मारलं. या प्रकाराला मी शिस्त म्हणत होतो आणि शेजारपाजारच्या लोकांना सल्लेही देत होतो.

तांबडा गेला त्या दिवशी बायको सकाळी केळीच्या पानांच्या जुड्या घेऊन बाजाराला गेली. फाटक लावून गेली. मला हे ठाऊक आहे, कारण मी तिथेच दात घासत होतो आणि कडी वाजलेली मी ऐकली. दुपारी केळी न्यायला टेंपो आला. फाटक मी उघडलं. टेंपो भरून बाहेर पडला आणि मी तिथेच चालकाशी गप्पा मारत उभा राहिलो. तांबडा माझ्या बाजूने रस्त्यावर गेला. पळाला नाही, हुंगत हुंगत गेला. तीसेक पावलांवर असेल. मी हाक मारली.

तो थांबला. वळून माझ्याकडे पाहिलं. शेपूट खाली गेली. मी हात पुढे करून दोन पावलं टाकली आणि त्याने जांभई दिली, मोठी, जबडा पूर्ण उघडून. मला वाटलं, हा मला जुमानत नाही. मी आणखी जोरात ओरडलो. तेव्हा मात्र तो पळाला, निर्मळ गावाच्या दिशेने. मी सायकलवरून दिवस मावळेपर्यंत शोधला. तो पुन्हा दिसला नाही.

बायको परत आली तेव्हा माझी आई ओट्यावर बसलेली होती. ती म्हणाली, "फाटक उघडं टाकून गेलीस. कुत्रा गेला."

"मी लावलं होतं," बायको म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सायकल पुसत होतो. म्हणालो, "जाऊ दे, झालं ते झालं."

एवढ्या पाच शब्दांत मी तिच्यावर शिक्का मारला, वर क्षमाशील नवरा म्हणून नावही कमावलं. त्या आठवड्यापासून ती वळणावरून परत येऊन कडी बघायला लागली. सगळ्यात वाईट म्हणजे, काही वर्षांनी ती म्हणायला लागली, "लावलं होतं असंच वाटतंय मला, पण कोण जाणे."

बादलीनंतरच्या आठवड्यात, दुपारी, ती विळीवर सुकेळ्याचे नखाएवढे तुकडे करत होती. कुत्रा समोर बसलेला. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"टेंपो?"

"हो."

"म्हणजे मी लावलं होतं."

"लावलं होतंस. कडी मी ऐकली."

तिने एक तुकडा कुत्र्यापुढे टाकला, त्याने काही न करता. नियमाबाहेर. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी कुठे म्हणत होते मी उघडं टाकलं? जे म्हणतात त्यांना सांगा. आणि आता माफी-बिफी मागत बसू नका, मला भाजी टाकायची आहे."

दोन दिवस ती माझ्याशी कुत्र्यामार्फत बोलली. "सांग त्यांना, पाणी आलंय." "विचार त्यांना, पोळी हवी का." तो बिचारा दोघांकडे बघून जिभल्या चाटायचा. शेवटी तीच म्हणाली, "याला का त्रास? बोला आता सरळ."

महिन्याभराने माझ्या धाकट्या बहिणीकडे, आगाशीला, तिच्या मुलाची हळद होती. ती या विनोदाची खरी मालकीण. आम्ही निघालो तशी ती मांडवातून ओरडली, "वहिनी, फाटक..."

"थांब," मी म्हणालो. "फाटक मी उघडं टाकलं होतं."

हातात ताटं घेतलेले दोघं-चौघं हसले. त्यांना वाटलं विनोदाची पुढची ओळ आली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दांड्यापासून सायकल पुसण्यापर्यंत. हसणं थांबलं.

"दादा, अरे मग तेव्हाच का नाही बोललास?" बहीण म्हणाली. "आईला भ्यायलास?"

"नाही. कुत्रा माझ्या हाकेला येत नाही, हे लोकांना कळेल, याला भ्यायलो."

ती बायकोजवळ गेली, तिचे दोन्ही हात धरले. "वहिनी, मी किती वेळा बोलले असेन गं तुला."

"हळद लागलीय तुझ्या हाताला," बायको म्हणाली. "साडी नवी आहे माझी." पण हात सोडवले नाहीत.

त्या दिवशी मांडवात जे नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं. यापुढे हसायचंच असेल तर माझ्यावर हसावं.

परवा आम्ही दोघं विरारला मुलीकडे निघालो. कुत्रा आता दोन-तीन तास एकटा खुशाल राहतो. वळणावर बायको थांबली. मी सवयीने छत्री उघडली आणि उभा राहिलो. ती हलेना.

"जा ना," ती म्हणाली.

"कुठे?"

"फाटक बघून या. चाळीस वर्षं मी गेले, आता तुमची पाळी."

"बस चुकेल."

"माझ्या कितीतरी चुकल्या."

मी परत गेलो. कडी लागलेली होती, तरी ओढून पाहिली. ओट्यावर कुत्रा नारळाची सोडणं कुरतडत पडला होता. त्याने उभा कान माझ्याकडे वळवला, मी आहे एवढी खात्री केली आणि पुन्हा कुरतडायला लागला. उठलासुद्धा नाही.

वळणावर आलो तेव्हा बस दिसायला लागली होती.

"लागलेलं होतं?" तिने विचारलं.

"होतं. तूच लावलं होतंस."

"मग चला," ती म्हणाली, आणि बसला हात केला.